डोके दुखते : साधे की अर्धशिशी?

डोके कधी दुखले नाही असा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. नांगर धरणाऱ्याचे दुखते, शाळेत जाणाऱ्या पोराचे दुखते, चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे दुखते. सगळ्यांचेच दुखते, म्हणून या दुखण्याला आपण दुखणे म्हणतच नाही. "डोकंच दुखतंय ना? चहा घे, फडकं बांध, होईल बरं," असे म्हणून मोकळे होतो.

पुष्कळ वेळा तसे बरे होतेही. पण सगळी डोकेदुखी एका जातीची नसते. ज्वारी आणि बाजरी दोन्ही धान्येच, पण पेरताना, राखताना आपण त्यांत फरक करतो. डोकेदुखीतही तसा फरक करावा लागतो. एक असते साधी डोकेदुखी. दुसरी असते अर्धशिशी. शहरातले डॉक्टर तिला मायग्रेन म्हणतात. तिसरी असते धोक्याची डोकेदुखी. ती क्वचित येते, पण आली तर एक घटकाही दवडू नये.

या तिन्ही कशा ओळखाव्यात, ते या पाठात पाहू या. मंडळी, पाठ जरा मोठा आहे. दोन बैठकांत वाचला तरी चालेल.

१. साधी डोकेदुखी

दिवसभर उन्हात कापणी झाली. पाणी कमी प्यायले गेले. संध्याकाळी डोके जड झाले. किंवा घरात लग्न आहे, पैशाची जुळणी होत नाही, रात्री झोप नाही. सकाळी कपाळ धरले. ही झाली साधी डोकेदुखी.

तिच्या खुणा अशा :

दुखणे बहुधा डोक्याच्या दोन्ही बाजूंना असते. फेटा फार आवळून बांधला म्हणजे जसे वाटते, तसे वाटते. डोक्यावर ओझे ठेवल्यासारखे वाटते. कधी मान आणि खांदेही भरून येतात.

दुखणे सौम्य किंवा मध्यम असते. माणूस कुरकुरतो, पण काम करतो. गाईचे दूध काढतो, बाजाराला जातो. चालल्याने किंवा जिना चढल्याने दुखणे वाढत नाही.

उलटी होत नाही. जेवण जाते.

ही डोकेदुखी अर्ध्या तासात थांबते, कधी दोन-चार दिवस रेंगाळते. पाणी प्यावे, जेवावे, मान-खांदे चोळून घ्यावेत, डोळे मिटून पडावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. कपाळाला बाम लावला तर थंड वाटते व बरे वाटते. त्याला हरकत नाही, मात्र डोळ्यांजवळ लावू नये.

चहाचीही एक डोकेदुखी असते. ज्याला रोज पाच-सहा कप चहाची सवय आहे, त्याला एखादे दिवशी चहा मिळाला नाही तर डोके धरते. चहा एकदम बंद करू नये, हळूहळू कमी करावा, म्हणजे हा त्रास होत नाही.

चाळिशी ओलांडल्यावर जवळचे अंधुक दिसू लागते. सुईत दोरा ओवताना, पोथी वाचताना डोळे ताणावे लागतात आणि कपाळ दुखते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. वाचताना अक्षरे पुसट दिसत असतील तर डोळे तपासून घ्या. चष्मा लावण्यात कसला कमीपणा?

२. अर्धशिशी

अर्धे शिर दुखते ती अर्धशिशी. नावच सगळे सांगते. हे दुखणे आजचे नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत याला अर्धावभेदक म्हटले आहे. ग्रीस देशातल्या जुन्या वैद्यांनीही 'अर्धी कवटी' असेच नाव दिले होते. त्याच नावावरून पुढे मायग्रेन हा शब्द झाला. दोन देशांतल्या वैद्यांनी एकच खूण पाहिली आणि तीवरून नाव ठेवले.

अर्धशिशी रोज नसते. ती पाहुण्यासारखी येते, दोन-तीन दिवस छळते आणि निघून जाते. मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. ही तिची पहिली खूण.

दुसरी खूण : दुखणे बहुतेकांना एका बाजूला असते. आज उजवे कानशील, पुढच्या खेपेला डावे, असेही होते. पण काहींचे दोन्ही बाजूंना दुखते. तेव्हा 'अर्धे' या शब्दावर फार विसंबू नये.

तिसरी खूण : डोके ठणकते. नाडीच्या ठोक्याबरोबर आत कोणी घण मारतो आहे असे वाटते. चालले, वाकले, पायरी चढली की ठणका वाढतो.

चौथी खूण : मळमळते. पुष्कळांना उलटी होते.

पाचवी खूण : उजेड आणि आवाज सोसत नाही. दाराच्या फटीतून येणारी तिरीपही डोळ्यांत खुपते. भांड्याचा आवाज डोक्यात शिरतो. काहींना फोडणीचा, रॉकेलचा, अत्तराचा वास नकोसा होतो. माणूस अंधाऱ्या खोलीत तोंडावर पदर किंवा पांघरूण घेऊन पडतो.

औषध घेतले नाही तर हा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहतो. झटका गेल्यावरही एक दिवस अंगात त्राण नसते.

काहींना आधी चाहूल लागते. आदल्या दिवशी जांभया येतात, चिडचिड होते, गोड किंवा तिखट खावेसे वाटते. आणखी काहींना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात, किंवा नजरेत एक रिकामा डाग पडतो. हात, ओठ यांना मुंग्या येतात. हे पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालते, मग निवते. बाई घाबरते, घरचे घाबरतात. 'बाहेरचे काही' झाले म्हणून लिंबू उतरवतात. पण ही अर्धशिशीचीच एक रीत आहे. असे पहिल्यांदाच झाले तर मात्र डॉक्टरांना दाखवावेच, कारण लकव्यातही असे काही होऊ शकते. लकवा बहुधा एकाएकी येतो, अर्धशिशीच्या रेघा आणि मुंग्या हळूहळू पसरतात. हा फरक डॉक्टरांना ठरवू द्यावा.

३. तीन प्रश्न

डॉक्टर मंडळींनी अर्धशिशी ओळखायला तीन सोपे प्रश्न ठरवले आहेत. ज्याचे डोके वरचेवर दुखते त्याने ते स्वतःला विचारावेत. गेल्या तीन महिन्यांत डोके दुखताना,

एक : मळमळले का?
दोन : उजेडाचा त्रास झाला का?
तीन : एखादा दिवस तरी काम सोडून पडावे लागले का?

तिन्हींपैकी दोन प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले तर ती अर्धशिशी असण्याचा बराच संभव आहे. मग दवाखान्यात जाऊन खात्री करून घ्यावी.

अर्धशिशी दाखवणारा कसलाही फोटो नाही, रक्ताची तपासणी नाही. डॉक्टर ती रोग्याच्या सांगण्यावरूनच ओळखतात. म्हणून नीट सांगणे फार महत्त्वाचे. ते कसे, हे पाठाच्या शेवटी येईल.

४. 'पित्त' की अर्धशिशी?

आपल्याकडे अर्धशिशीला बहुतेक घरांत 'पित्त' म्हणतात. "पित्त खवळलं, म्हणून डोकं धरलं. उलटी झाली, आता मोकळं वाटेल." खरोखरच उलटी झाल्यावर काहींना बरे वाटते. त्यामुळे रोग पोटात आहे असा समज होतो. मग बोटे घालून उलटी काढतात, पोटाची औषधे घेतात. डोके मात्र पुढच्या महिन्यात परत दुखते.

गोष्ट उलटी आहे. झटका डोक्यात सुरू होतो आणि त्याचा परिणाम पोटावर होतो. उलटी हा त्या झटक्याचाच भाग आहे. उलट्या मुद्दाम काढल्याने अंगातले पाणी जाते, औषधाची गोळी बाहेर पडते, आणि त्रास वाढतो.

अर्धशिशी का होते, तेही थोडे समजून घेऊ. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतात ती मेंदूवरची वेष्टने, तिथल्या रक्तवाहिन्या आणि नसा. काहींचा मेंदू जन्मतःच जरा हळवा असतो. लाजाळूचे झाड जसे लहानशा स्पर्शाने मिटते, तसा तो लहानशा फरकाने चेतवला जातो. मग चेहऱ्याकडे आणि डोक्याकडे जाणारी तीन फाट्यांची एक नस जागी होते. ती काही द्रव्ये सोडते, त्याने वेष्टने आणि रक्तवाहिन्या दुखऱ्या होतात, आणि ठणका सुरू होतो.

हा हळवेपणा घराण्यात चालतो. आईला किंवा बापाला असेल तर मुलांत येण्याचा संभव वाढतो. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत होतो. वर्गात एखादे मूल मधूनच डोके धरून, डोळे मिटून बाकावर पडे, आणि उलटी झाली की झोपी जाई. त्याच्या आईला बोलावून विचारले की ती हटकून म्हणे, "मास्तर, मलाबी असंच होतंय. माझ्या आईलाबी होत होतं." लहान मुलांत हा झटका थोडा वेळच असतो आणि बहुधा कपाळाच्या दोन्ही बाजूंना दुखते. तेव्हा मूल शाळा चुकवण्यासाठी सोंग करते असे धरून चालू नये.

बायकांना ही व्यथा पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होते. लहानपणी मुलगे आणि मुली यांत फारसा फरक नसतो. मुलगी वयात आली की फरक पडतो. पाळीच्या सुमारास झटका येणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. पाळी जाण्याच्या वयानंतर तो बहुधा कमी होतो.

हे दुखणे दुर्मीळही नाही. शेजारच्या कर्नाटकात १८ ते ६५ वयाच्या माणसांची घरोघर जाऊन पाहणी झाली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत चारांपैकी एकाला वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेला आढळला. म्हणजे शंभर माणसांच्या वस्तीत पंचवीस जणांना.

५. सासूबाई आणि आशाताई

एका घरातले बोलणे ऐका. सूनबाई आतल्या खोलीत अंधारात पडली आहे. आशाताई ओट्यावर येऊन बसल्या आहेत.

सासूबाई म्हणाल्या, "काय सांगू बाई, डोकं दुखायचं निमित्त. आमच्या काळी आम्ही दळण टाकून कधी निजलो नाही."

"काकू, किती दिवसांनी दुखतं तिचं?"

"महिन्यातून दोनदा तरी धरतं."

"उलटी होते?"

"होते की. पाणीसुद्धा ठरत नाही. आणि दार उघडलं तर ओरडते, उजेड नको म्हणते."

"बरं. मधल्या दिवसांत कामाला कशी आहे?"

सासूबाई थोड्या थांबल्या. "खोटं कशाला बोलू? मधल्या दिवसांत तिचा हात थांबत नाही. शेणगोठा, स्वयंपाक, रानातलं, सगळं करते."

"मग काकू, आळशी माणूस रोजच आळशी असतो. महिन्यातून दोनच दिवस कोण आळशी होतं?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. जरा वेळाने म्हणाल्या, "माझी आई अशीच पडून राहायची. आम्ही पोरं दारात दंगा करायचो, तर रडायची. आम्हाला काय ठाऊक!"

"आता ठाऊक झालं ना? उद्या तिला आरोग्य केंद्रात घेऊन या. आणि आज पोरांना अंगणात पाठवा."

वाचकहो, या बोलण्यात सगळे आले. अर्धशिशी डोळ्यांना दिसत नाही. जखम दिसते, ताप हाताला लागतो, सूज दिसते. हे दुखणे फक्त ज्याचे त्यालाच कळते. म्हणून त्यावर विश्वास बसत नाही. बाईला 'नाटकी' म्हणतात, मजुराला 'कामचुकार' म्हणतात. दुखणे एक आणि बोलणी दुसरी, असा दुहेरी भार पडतो. यातला दुसरा भार तरी आपण काढून घेऊ शकतो. त्याला पैसा लागत नाही.

६. झटका कशाने येतो?

हळवेपणा जन्माचा. पण झटका यायला बहुधा काही निमित्त होते. ते प्रत्येकाचे वेगळे असते. नेहमी आढळणारी निमित्ते अशी :

जेवणाची वेळ चुकणे. कडक उपास करणे. एकादशी, चतुर्थी, नवरात्र या दिवसांत पुष्कळ बायांचे डोके धरते ते यामुळे. देवाला उपाशी माणसाचे दुखणे नको असते. फळ, दूध, पाणी घेऊन उपास करता येतो.

झोप कमी होणे, किंवा फार होणे. जत्रा, जागरण, रात्रपाळी, पिकाला रात्रीचे पाणी देणे.

कडक ऊन आणि झळझळीत उजेड. उग्र वास. पाणी कमी पिणे. पाळीचे दिवस. मनावरचा ताण. काहींना ताण असताना काही होत नाही. लग्नघर उरकते, पाहुणे जातात आणि दुसऱ्या दिवशी डोके धरते. काहींना दारूने झटका येतो.

ही निमित्ते कळली म्हणजे काही झटके टाळता येतात. वेळेवर जेवणे, वेळेवर निजणे, पुरेसे पाणी पिणे, उन्हात टोपी किंवा पदर घेणे, एवढे नेमाने केले तरी पुष्कळांचे झटके कमी होतात.

७. झटका आला तर

चाहूल लागताच गोळी घ्यावी. ठणका चढल्यावर गोळी नीट लागू पडत नाही, कारण झटक्यात पोटाचे काम मंदावते. पॅरासिटामॉलची साधी गोळी काहींना पुरते. किती आणि कितीदा घ्यायची ते डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना आधीच विचारून ठेवावे. दुकानात निरनिराळ्या नावांनी एकच औषध मिळते. दोन वेगळ्या गोळ्या समजून माणूस एकच औषध दुप्पट घेतो, आणि त्याने यकृताला इजा होते. म्हणून दुकानदाराकडून औषधाचे नाव मराठीत लिहून घ्या आणि वाचा.

सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. गरोदर बाईने कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

गोळी घेतल्यावर अंधाऱ्या, शांत जागी निजावे. कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवावी. थोडे थोडे पाणी प्यावे. झोप लागली तर उठवू नये. झोपेने झटका पुष्कळदा मोडतो.

अर्धशिशी उतरवणारे गावोगाव असतात. कोणी मंत्र टाकतो, कोणी सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला सांगतो. "मला गुण आला," असे सांगणारेही भेटतात. याचे कारण पाहा. झटका काही न करताही तीन दिवसांच्या आत जातो. माणूस दुसऱ्या दिवशी मांत्रिकाकडे जातो, तिसऱ्या दिवशी दुखणे थांबते. श्रेय मंत्राला मिळते. पण पुढच्या महिन्यात झटका पुन्हा येतो, तेव्हा मंत्राचा हिशेब कोणी मागत नाही.

डॉक्टरांकडे अर्धशिशीवर खास औषधे आहेत. झटका मोडणारी गोळी वेगळी, झटके येऊ नयेत म्हणून रोज घ्यायची गोळी वेगळी. महिन्यातून चार किंवा अधिक दिवस डोके धरत असेल तर रोजच्या गोळीबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे. दमा असेल तर तो सांगावा, कारण यातले एक औषध दमेकऱ्याला चालत नाही. रोजच्या गोळीचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत सोडून देऊ नये.

बायांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट. दुखण्याआधी ज्यांना चमकत्या रेघा दिसतात किंवा मुंग्या येतात, त्यांनी पाळणा लांबवण्याच्या 'माला-एन'सारख्या गोळ्या घेऊ नयेत. अशा गोळ्यांनी त्यांना लकव्याचा धोका वाढतो. तांबी किंवा दुसरा उपाय नर्सबाई सांगतील. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाही हा धोका वाढतो. ती सोडावी.

८. गोळ्यांचा फास

किराणा दुकानात बिस्किटांच्या शेजारी डोकेदुखीच्या गोळ्या मिळतात. डोके दुखले की एक गोळी, पुन्हा दुखले की दुसरी. बरे वाटते. मग रोज लागते.

पण सारखी गोळी घेतली तर गोळीच डोकेदुखी आणते. गोळीचा जोर उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी. रहाटगाडगे फिरत राहते. साध्या गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस किंवा अधिक, आणि दोन-तीन औषधे मिसळलेल्या गोळ्या दहा दिवस किंवा अधिक, असे तीन महिन्यांवर चालले की माणूस या फासात अडकतो. पूर्वी महिन्यातून दोनदा दुखणारे डोके आता रोज दुखते. शिवाय उपाशीपोटी घेतलेल्या काही गोळ्यांनी पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात.

म्हणून नेम ठेवावा : आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त डोकेदुखीची गोळी नको. त्याहून जास्त लागत असेल तर दुकानाची वाट सोडून दवाखान्याची धरावी.

९. धोक्याची डोकेदुखी

पुढच्या खुणा मोठ्याने वाचा आणि घरच्यांना वाचून दाखवा. यांपैकी एकही दिसली तर घरगुती उपाय करत बसू नये. १०८ या क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी, किंवा रोग्याला तडक दवाखान्यात न्यावे.

वीज कोसळावी तसे एकाएकी, मिनिटभरात शिगेला पोचणारे डोके दुखणे.

ताप आहे, डोके दुखते आणि मान ताठ झाली आहे. हनुवटी छातीला टेकत नाही.

तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, जीभ जड होणे, भान हरपणे, फिट येणे.

डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी वाढत जाणे, उलट्या होणे, गुंगी येणे. झाडावरून पडलेल्या, मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाला "झोपू द्या जरा" म्हणून ठेवू नये.

गरोदर बाईचे पाच महिन्यांनंतर, किंवा बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यात फार डोके दुखणे, तोंडा-हातांवर सूज, डोळ्यांपुढे अंधारी. रक्ताचा दाब वाढल्याची ही खूण असू शकते. यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो.

डोळा लाल होऊन फार दुखणे आणि अंधुक दिसणे.

पिकावर औषध फवारताना डोके दुखणे, मळमळणे, घाम आणि लाळ सुटणे. ही विषबाधा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. असे झाले तर फवारणी थांबवावी, कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेल्या सगळ्यांचेच डोके दुखू लागणे. तो विषारी वायू आहे, त्याला वास नसतो. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे.

आणखी दोन खुणा अशा की त्यांना तडक गाडी नको, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे : पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, आणि दिवसेंदिवस वाढत जाणारी, पहाटे जाग आणणारी डोकेदुखी.

एक समज मात्र दूर करावा. रक्तदाब वाढला की डोके दुखतेच, असे पुष्कळांना वाटते. दाब फार चढला तर दुखते. पण बहुधा वाढलेला दाब गुपचूप असतो. म्हणून डोके दुखो न दुखो, तिशीनंतर वर्षातून एकदा दाब मोजून घ्यावा.

१०. डोकेदुखीची वही

आता शेवटची गोष्ट, आणि ती तुम्हीच करायची आहे. दवाखान्यात गर्दी असते. डॉक्टरांपाशी वेळ थोडा असतो. "डोकं दुखतंय" एवढेच सांगितले तर ते गोळी देतील. पण तुम्ही तीन महिन्यांची वही पुढे ठेवली तर त्यांना सगळे कळेल. कालपर्यंत हे तुम्हाला करता आले नसते. आज तुम्हाला लिहिता येते.

एका झटक्याला एक ओळ पुरे. नमुना पाहा :

तारीख ५, सोमवार. सकाळी १० वाजता सुरू. उजवे कानशील. ठणका. २ उलट्या. उजेड नको. आदल्या दिवशी एकादशीचा उपास. १ गोळी. रात्री ९ वाजता थांबले.

तारीख १२, सोमवार. संध्याकाळी ६ वाजता सुरू. दोन्ही बाजू. जड. उलटी नाही. दिवसभर उन्हात. गोळी नाही. जेवून निजल्यावर थांबले.

पाहा, एकाच माणसाच्या दोन ओळी. पहिली अर्धशिशीची दिसते, दुसरी साधी. एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतात, हेही त्यावरून कळते. बायांनी पाळीची तारीखही लिहावी. घरात ज्याला लिहिता येत नाही, त्याची वही तुम्ही लिहा.

ध्यानात ठेवा

साधी डोकेदुखी आवळते, अर्धशिशी ठणकते.
साध्या डोकेदुखीत काम होते, अर्धशिशीत माणूस अंधार शोधतो.
उलटी हे अर्धशिशीचे कारण नव्हे, ती तिची खूण आहे.
गोळी लवकर घ्यावी, पण आठवड्यातून दोन दिवसांहून जास्त नको.
एकाएकी, तापाबरोबर, माराने किंवा गरोदरपणात फार डोके दुखले तर दवाखाना गाठावा.
ज्याचे दुखते त्याला बोल लावू नये.

प्रश्न

१. साध्या डोकेदुखीच्या तीन खुणा लिहा.
२. अर्धशिशी ओळखण्याचे तीन प्रश्न कोणते?
३. मंत्राने गुण आला असे का वाटते?
४. आशाताईंनी सासूबाईंना काय पटवून दिले? तुमच्या शब्दांत सांगा.
५. १०८ वर फोन कधी करावा? चार प्रसंग लिहा.

करून पाहा

आपल्या घरी वरचेवर कोणाचे डोके दुखते ते विचारा. त्यांच्यासाठी आजच एक वही करा आणि पहिली ओळ लिहा.

शब्दांचे अर्थ

कानशील : डोळा आणि कान यांमधली जागा
त्राण : शक्ती, बळ
तिरीप : फटीतून येणारा उजेड
वेष्टन : वरचे आवरण
लकवा : अर्धांगवायू
यकृत : काळीज नव्हे, पोटातला एक अवयव, अन्न व औषध यांचे काम पाहतो
निमित्त : लहानसे कारण